नमुना आठ

चपराशी आला तेव्हा मी हुकं लावत होते.
"ताई, औंदा घरटॅक्स वाढला तुमचा," म्हणाला
अन् उन्हात उभा राहिला, पाणी मागायला लाजत.
पाणी दिलं. मग वाचलं.
एकशे चाळीसचे अकराशे साठ.
मालमत्तेचा प्रकार : आरसीसी, पक्के.

तीन भिंती कुडाच्या, तुराट्यांवर माती लिंपलेल्या,
दर दिवाळीला मीच पोतारते.
वर टिनं. टिनांवर दगड, वावटळीसाठी,
अन् एक फुटकं जातं, तेही आता त्याच नोकरीवर.
फक्त रस्त्याकडची भिंत विटांची.
दारव्हा रोडवरून एक ट्रक घसरत
चुलीपर्यंत आला होता, त्यानंतर यांनी बांधली.
मागच्या साली सिमेंट कंपनीची पोरं शिडी घेऊन आली.
"ताई, रंगवू का? फुकट."
मला वाटलं, रंग तर आहे.
भिंत निळी झाली. तिच्यावर एक गेंडा,
अन् गेंड्याच्या पोटाखाली : सात पिढ्यांची हमी.

मोजणीवाला मोटरसायकलवरून उतरलाच नव्हता म्हणे.
गेंडा पाहिला, पक्के लिहिलं.

त्या रात्री मी अन् पल्लवीनं घर मोजलं,
माझ्याच साठ इंची पट्टीनं,
जिला आजवर छाती, कंबर, मुंढाच माहीत.
पल्लवी आकडे मांडत गेली, मी सरकत गेले भिंतीच्या कडेनं.
कोठीमागे भिंत पोटावर आलेली निघाली, बोटभर.
मशीनच्या पायांनी जमिनीत चार खळगे केलेले,
त्यातल्या एकात हरवलेली बॉबिन सापडली.
सतरा बाय बावीस.
कोण्या धिप्पाड बाईच्या मापाचं झंपर
मला घातलं होतं सरकारनं.

ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता.
"हरकतीला तीस दिवस हायेत. पण तुलना लागते.
तुमच्यासारखंच घर दाखवा, कमी टॅक्सवालं."
अन् नमुना आठचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं,
पेनही दिला, टोपण काढून.

गावातली सगळी घरं अशी एका बाजूला एक निजलेली
मी कधी पाहिली नव्हती.
उपसरपंचाच्या साळ्याचा दुमजली बंगला : विटा-माती.
वाचून हसू आलं, मग आलं नाही.
नळाचा कॉक त्याच्याच अंगणात आहे.
दोन ओळी खाली रुख्मा टेकाम. साठ रुपये. माती.
रुख्माच्या मागच्या खोलीवर स्लॅब पडला,
पोरानं सुरतेहून पैसे धाडले त्या साली.
स्लॅबच्या दिवशी तिनं मला बुंदी दिली होती.
तिचा नंबर लिहिला असता
तर माझं काम नक्की झालं असतं
अन् तिच्या दारी चपराशी.

पेनाची शाई सुकत होती.
ग्रामसेवक पंख्याकडे पाहत होते, लाईन नव्हती.
मी लिहिलं, तुलनेसाठी :
याच घराच्या उरलेल्या तीन भिंती.

त्यांनी दोनदा वाचलं.
"असं कोनी लिहीत नाई बाई," म्हणाले, अन् शिक्का मारला.

तिसऱ्या आठवड्यात मोजणीवाला आला, या वेळी उतरला.
मी त्याला मागून नेलं.
त्यानं भिंतीला बोट लावलं, बोटाला माती आली,
पँटीला पुसली.
"मिश्र बांधकाम," म्हणाला. चारशे दहा.
पंचायत समितीत अपील केलं तर अजून उतरेल म्हणे,
पण दारव्ह्याचं जाणं-येणं, दोन दिवसांची शिलाई,
मी हिशेब करून पाहिला
अन् पट्टी गुंडाळून ठेवली.

जाताना मोटरसायकलवरून ओरडला,
"तो गेंडा पुसा पह्यले!"

पोतारायला घेतलं तर माती कमी पडली,
नुसतं शिंगच झाकलं गेलं.
आता रस्त्यावरून तो म्हशीसारखा दिसतो.
काल रुख्मा थांबली, डोक्यावर गुंडी,
"काऊन वं रत्ना," म्हणाली,
"दूध किती देते?"